पिंकीचा पयला नंबर

खडकवाडीच्या बबितानं पोरीला इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं, ते एका औषधाच्या बाटलीमुळं.

तिचा नवरा मल्हार दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाकडं जायचा. तिकडच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची, त्याचं धान्य घ्यायचं आणि शिमग्याच्या आगेमागे परत यायचं, असा त्या घरचा रिवाज होता. त्या साली मागं राहिलेल्या अशक्त कोकरांना हगवण लागली. जनावरांच्या दवाखान्यातून आणलेल्या दोन बाटल्या देवळीत होत्या. दोन्हींवर मेंढीचं चित्र आणि दोन्हींवर इंग्रजी अक्षरं. एक जंताची, पाजायची. दुसरी गोचिडाची, पाण्यात कालवून अंगाला लावायची. बबितानं दुसरी पाजली. ऊन कलायच्या आत कोकरं तोंडाला फेस येऊन आडवी झाली.

डॉक्टर आला. त्यानं बाटली हातात फिरवून बघितली आणि म्हणाला, "बाई, इथं मोठ्या अक्षरात लिहिलंय की, पाजू नका म्हणून."

बबिता सातवी शिकलेली. मराठी तिला खडाखडा वाचता यायचं. ती त्या मोठ्या अक्षरांकडं नुसती बघत राहिली. सासू केवळाबाई रागावली नाही, सासरा धोंडीबा काही बोलला नाही, तेच तिला जास्त लागलं. पिंकीवर ही पाळी येऊ द्यायची नाही, एवढं तिनं मनाशी धरलं.

पिंकी म्हणजे तिची एकुलती एक पोरगी. आधार कार्डावर कार्तिकी, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली नव्हती. तिला चौथं वर्ष सरत आलं होतं. दिवस उजाडला की ती दारापुढच्या मातीत बसायची. फुटक्या कौलांची ताटं, चिंचोक्यांची तूर, ओल्या मातीची वांगी. तिचा पालमचा आठवडी बाजार भरायचा. धोंडीबा, जो घरात दिवसाकाठी चार शब्द बोलायचा नाही, तो तिच्यापुढं उकिडवा बसून भाव करायचा.

"वांगे कसे दिले, मालकीनबाई?"

"लय महाग हायती. तुमाला परवडायचे न्हाईत."

"मंग आमी काय खावं?"

पिंकी विचार करायची, एक वांगं उचलून त्याच्या हातावर ठेवायची. "हे किडकं हाय. हे फुकट न्या."

दुपारी अंगणवाडीत जायची. तिथली राजेश्रीताई गाणी म्हणायला लावायची, आंधळी कोशिंबीर खेळायला लावायची, खिचडी वाढायची. बबिताला त्या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. खेळायला काय, रानातली पाखरं बी खेळत्यात, असं ती म्हणायची.

जूनमध्ये पालमच्या एका इंग्रजी शाळेची व्हॅन खडकवाडीपर्यंत यायला लागली. बबितानं पिंकीचं नाव घातलं. मल्हार म्हणाला, "तू म्हनतीस तर घाल. मला त्यातलं काय कळतंय?" केवळाबाईला मात्र ते पटलं नाही.

"नव्या कोकराला आमी कळपामागं चालवत न्हाई," ती म्हणाली. "झोळीत घालून नेतो. आन् तू मानसाचं लेकरू गाडीत कोंबायलीस."

"आत्याबाई, त्या बाटलीवरचं मला वाचता आलं आस्तं तर कोकरं मेली नसती."

केवळाबाई उठून शेण काढायला गेली. ते वाक्य बबितानं घरात पुन्हा दोनचारदा वापरलं आणि दरवेळी ती जिंकली.

पहिले काही आठवडे पिंकी व्हॅनच्या दाराला धरून रडायची. ड्रायव्हर हसून बोटं सोडवायचा, म्हणायचा, "सगळेच रडत्यात ताई, सवय व्हती." आणि सवय झाली. शाळेत कार्तिकी म्हटलं की मागं वळून बघणारी पिंकी पुढं कार्तिकी म्हटलं की उभी राहायला लागली. माय म्हणायची सोडून मम्मी म्हणायला लागली. पावसाळाभर बबिता खुशीत होती. पोरगी ए फॉर ॲपल म्हणायची तेव्हा ती चुलीपुढून उठून यायची आणि पुन्हा म्हणायला लावायची.

दिवाळीनंतर मल्हार मेंढरं घेऊन गेला आणि शाळेचं लिखाण वाढलं.

आधी एक पान, मग दोन पानं, मग एकीकडं अक्षरं आणि दुसरीकडं आकडे. पिंकीची बोटं पेन्सिलीवर नीट बसायचीच नाहीत. तीन उलटा निघायचा, बी उलटा निघायचा. चार ओळी झाल्या की ती मनगट चोळायची. बबिता तिच्या मागं बसून तिची मूठ आपल्या मुठीत धरायची आणि दोन्ही हात मिळून पान भरायचे. पान भरलं नाही की दुसऱ्या दिवशी वहीत लाल शेरा यायचा. तो इंग्रजीत असायचा. बबिता तो शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायची.

एका सांजेला पिंकी लिहिता लिहिता उठली. दारात कोंबडीनं पिलं आणली होती, ती बघायला. बबितानं हाक मारली. पोरगी आली नाही. पुन्हा हाक मारली. मग तिनं बाहेर जाऊन दंडाला धरून आणलं आणि पट्टी उचलून हातावर मारली. ज्या हातानं लिहायचं त्याच हातावर.

पिंकी रडली नाही. तिनं हात फ्रॉकला पुसला आणि पेन्सिल उचलली.

केवळाबाई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं ती उठून आली, नातीला मांडीवर घेऊ लागली. पिंकीनं अंग आक्रसलं. "मोठीआई, सोड. पान राह्यलंय."

केवळाबाई सुनेकडं बघत म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?"

 बाटलीचं ते वाक्य बबिताच्या तोंडाशी आलं, पण या वेळी ते बाहेर पडलं नाही.

त्यानंतर पिंकी अंथरूण ओलं करायला लागली. डब्यातली पोळी तशीच परत यायची. सगळ्यात वाईट म्हणजे दारापुढची माती ओस पडली. रविवारी बबिता तिला म्हणायची, "जा, खेळ." पिंकी ओट्यावर बसून राहायची. धोंडीबा एकदा आपणहून कौलाचे तुकडे मांडून बसला आणि म्हणाला, "मालकीनबाई, बाजार भरवायचा न्हाई का?" ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "आबा, हात घान होत्यात. मॅडम नखं बघत्यात." म्हाताऱ्यानं कौलाचे तुकडे गोळा केले. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि रानाकडं गेला.

बबितानं ठरवलं, शाळेत जाऊन बोलायचं.

ती पालमला एसटीनं गेली. शाळा म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. पुढं मैदान, त्यात लाल पिवळी घसरगुंडी आणि दोन झोके. झोके साखळीनं वर खांबाला गुंडाळून कुलूप घातलेले. वर्गातून शंभरापर्यंत आकडे म्हणायचा आवाज येत होता. दारातून तिला पिंकी दिसली. बाकावर, हाताची घडी घालून, सगळ्यांबरोबर तोंड हलवत होती.

वर्गावर मंजुषा मॅडम होती. बावीसतेवीस वर्षांची, इकडच्याच एका खेड्यातली मुलगी. पोरांना ओठावर बोट ठेवायला लावून ती बाहेर आली. बबितानं तिला सगळं सांगितलं. लिखाण, अंथरूण, माती, सगळं. सांगताना तिला वाटलं, ही आता आपल्यालाच बोल लावील.

मंजुषा म्हणाली, "ताई, या वयात इतकं लिहून घ्यायचं नसतं, हे आमाला कोर्समधीच शिकवलं. बोटं बळकट व्हायला माती पायजे, मनी पायजेत, पानं फाडायला पायजेत. मी इथं आले तवा पिशवी भरून सामान आणलं व्हतं."

"मंग?"

"पयल्या आठवड्यात मी पोरांना मैदानात न्हेलं. झाडाची पानं गोळा केली, रंग लावून छापे काढले. दुसऱ्या दिशी पालक आले. म्हनले, वही कोरी कामून हाय? आमी फी कशाची भरतो? शाळेच्या मोठ्या सरांनी मला बोलवून घेतलं." तिनं बबिताची नजर झोक्यांकडं गेलेली बघितली. "आन् झोके म्हनाल तर एक पोरगं पडलं, हात मोडला. त्याच्या घरच्यांनी लय भांडण केलं. तवापासून कुलूप हाय. आडमिशनच्या टायमाला उघडत्यात, फोटोपुरतं."

"तुमी लाल शेरा तरी मारू नका."

"न्हाई मारला तर सर वह्या तपासत्यात." मंजुषानं वर्गाकडं मागं वळून बघितलं. आतली कुजबुज वाढली होती. "ताई, माझ्या बोलन्यानं काय होत न्हाई. पुढच्या शनवारी पालकांची मीटिंग हाय. तितं तुमी बोला. पालकच म्हनले, लिखाण कमी करा, तर सरांना करावं लागंल."

बबिता परत आली ती जरा आशा घेऊनच. आठवडाभर ती भांडी घासताना, शेण काढताना मनातल्या मनात बोलणं जुळवत होती.

शनिवारी मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. सरांनी बोलायला सांगितलं तेव्हा एकानं व्हॅनच्या वेळेचं विचारलं, एकानं गणवेशाचं. मग बबिता उभी राहिली. इतक्या माणसांपुढं ती जन्मात कधी बोलली नव्हती. पदराचं टोक तिनं बोटाला इतकं आवळून गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

"माझी पोरगी कार्तिकी," ती म्हणाली. "लय खेळायची. आता खेळत न्हाई. लिहून लिहून हात दुखतो तिचा. रातीला अंथरून ओलं करती. मला वाटतं, लेकरं लहान हायती. जरा खेळू द्यावं. लिखाण थोडं कमी करावं."

कुणी हसलं नाही. दोनतीन बायकांनी मान हलवली. एकजण हळूच म्हणाली, "आमचं बी तसंच करायलंय." बबिताच्या जिवात जीव आला.

मग बन्सीधर उठले. ते पालमजवळचेच बागाईतदार, वयानं मोठे, त्यांचा नातू पिंकीच्याच वर्गात होता. बोलणं त्यांचं सौम्य होतं.

"ताई, तुमचं काय खोटं न्हाई," ते म्हणाले. "माझा नातू बी रडतो. माझ्या बी पोटात तुटतं. पन मला एक सांगा. पयलीला आपल्याला ही लेकरं परभणीच्या नायतर सेलूच्या मोठ्या शाळेत घालायची हायती. तितं परीक्षा घेत्यात. गाडीतून उतरलेल्या डॉक्टराच्या, वकिलाच्या लेकरासंगं आपलं लेकरू बसवत्यात. त्याला लिहिता आलं न्हाई, तर ते म्हनतील का, की खेड्यातलं हाय, खेळत व्हतं, घ्या त्याला?"

 मघाशी मान हलवणाऱ्या बायकांनी खाली बघितलं.

"खेळायला अंगणवाडी हाय की," मागून एक बाई म्हणाली. "इथं कामून आणायचं मंग?"

बबिताला आठवलं, ती स्वतः असंच म्हणायची.

सर हसून म्हणाले, "ताई, तुमची अडचण आमाला समजते. आपण असं करू. सगळ्यांचं लिखाण आहे तेवढंच ठेवू. तुमच्या कार्तिकीला कमी देऊ. फक्त तिला. चालेल का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. मंजुषा खांबाला टेकून उभी होती, तीही बघत होती. बबिताच्या डोळ्यांपुढं वर्ग आला. सगळी पोरं शंभरापर्यंत पोचलेली आणि पिंकी विसावर, कोपऱ्यात. मग ती मोठी झालेली, कुठल्यातरी दुकानात बाटली हातात धरून उभी.

"नगं," ती म्हणाली. "सगळ्याला देता तेवढंच द्या."

ती खाली बसली. पुढचं बोलणं सहलीचं सुरू झालं. मंजुषाकडं तिनं पुन्हा बघितलं नाही.

त्याच आठवड्यात ती राजेश्रीताईकडं गेली. अंगणवाडीच्या दारात दोनतीन अगदी तान्ही पोरं मातीत बसली होती. राजेश्रीताई मोबाईलवर पोरांची वजनं भरत होती, रेंज येत नव्हती म्हणून हात वर करून.

"ताई, पिंकीला परत आणलं तर?"

"आन की. मला काय, आनंदच हाय." राजेश्रीताईनं मोबाईल खाली ठेवला. "पन कुनासंगं खेळंल ती? तिच्या वयाचं एक लेकरू ऱ्हायलं न्हाई. सगळे व्हॅनमधी गेले. ही हायती, दूध पिणारी."

"गानी तरी म्हनंल तुमच्यासंगं."

राजेश्रीताईनं भिंतीकडं हात केला. तिथं फळ्यावर अ आ इ ई आणि एबीसीडी लिहिली होती. "गानी म्हनलं की आया म्हनत्यात, बाई फुकटचा पगार घेती. मी बी आता पाटी देते हातात. लेकरं टिकावीत म्हनून. तरी बी टिकंनात." मग ती म्हणाली, "तुझी पोरगी गेली ना बबिता, तवा मागनं चार गेली. म्हनले, धनगराची पोरगी जाती तर आमची कामून नगं."

बबिता उठून घरी आली. वाटेत तिला कुणीतरी हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही.

शिमग्याच्या आधी मल्हार परत आला. गावाबाहेरच्या पडीक रानात मेंढरं बसली, सोबतचे मेंढके चहाला जमले. पिंकी बापाला बघून धावत आली नाही, पण हसली. बबितानं तिला त्याच्या बाजूला बसवलं.

मल्हारनं मेंढराकडं बोट दाखवलं. "पिंके, हे काय हाय?"

"शीप," पिंकी म्हणाली.

"काय?"

"एस फॉर शीप."

मेंढके एकमेकांकडं बघायला लागले. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "मेंढीला शीप म्हनत्यात व्हय? उमर गेली राव आपली, आपल्याला ठावं न्हाई." मल्हारचा चेहरा फुलून आला. त्यानं तिला शंभरापर्यंत म्हणायला लावलं, कविता म्हणायला लावली. पिंकीनं हाताची घडी घालून सगळं म्हटलं, एकदाही न अडखळता. संपल्यावर तिनं बापाकडं बघितलं आणि तिच्या पायाशी माती ओली झाली. मेंढक्यांनी दुसरीकडं बघितलं. बबिता तिला उचलून घराकडं घेऊन गेली.

सांजेला तिनं मल्हारला सगळं सांगितलं.

तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "तुला थोडं तरी वाचता येतं. मला काय येतं सांग. आज चार मानसांत माझी मान वर झाली. आन् तू रडायलीस."

"ती खेळत न्हाई हो."

"मोठी व्हायली."

"पाच वर्साचं लेकरू मोठं होत न्हाई."

मल्हारनं घोंगडं अंगावर ओढलं. पण सकाळी त्यानं पिंकीला खांद्यावर घेतलं आणि मेंढरांकडं नेलं. शाळेला सुट्टी होती. बबिता भाकरी घेऊन मागून गेली. पहाटेच व्यालेल्या मेंढीचं कोकरू अजून थरथरत उभं राहत होतं. मल्हारनं ते उचलून पिंकीच्या मांडीवर ठेवलं. गेल्या साली अशा कोकराला ती फ्रॉकमध्ये गुंडाळून गावभर हिंडवायची. त्याला घोडा करायची, नवरदेव करायची.

पिंकीनं हात वर धरले. कोकरू तिच्या मांडीवर घसरत होतं.

"पप्पा, याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? खेळ की त्याच्यासंगं."

तिनं एक बोट कोकराच्या पाठीवर ठेवलं, फिरवलं. मग बापाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "झालं का?"

"झालं का म्हंजे काय गं?"

"मला घरी जायचंय. दोन पानं राह्यलीत. मॅडम ओरडतील."

मल्हारनं कोकरू उचलून मेंढीखाली लावलं. तो बराच वेळ तिथंच वाकून होता. कोकरू केव्हाच प्यायला लागलं होतं, तरी त्याचा हात त्याच्या मानेवर होता. उठला तेव्हा त्यानं बबिताकडं बघितलं. आदल्या सांजेचा राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

"काढू का शाळंतनं?" त्यानं विचारलं.

हाच प्रश्न त्यानं विचारावा म्हणून बबिता दिवस मोजत होती. पण काढून कुठं घालायचं? अंगणवाडीत कुणी नाही. गावच्या शाळेत पहिलीच्या आधी घेत नाहीत, आणि तिथं तरी किती पोरं राहिलीत. घरी ठेवायचं तर बाजार भरवायला आजूबाजूला लेकरू नाही. सगळी व्हॅनमध्ये.

"तुमी सांगा," ती म्हणाली.

"मी काय सांगू? मला त्यातलं काय कळतंय?" तो म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला होता तेच, पण आता ते म्हणताना त्याचा आवाज खाली गेला. "तुला मारावं लागतं का तिला?"

बबितानं मानेनंच हो म्हटलं.

"हळू मारत जा," मल्हार म्हणाला.

पिंकी बांधाच्या कडेला, चिखल लागणार नाही अशा जागी, त्यांची वाट बघत उभी होती.

मार्चअखेर शाळेचा कार्यक्रम झाला. मल्हारला मेंढरं सोडता आली नाहीत, बबिता एकटीच गेली. एलकेजीमध्ये कार्तिकीचा पहिला नंबर आला होता. माईकवरून नाव पुकारलं तेव्हा बबिताला आधी समजलंच नाही. पिंकी स्टेजवर गेली, बन्सीधरांच्या हातून तिनं कप घेतला, थँक्यू सर म्हणाली आणि हाताची घडी घालून जागेवर येऊन बसली. टाळ्या झाल्या. मंजुषा तिथं नव्हती. तिचं लग्न ठरलं म्हणून तिनं शाळा सोडली, असं कुणीतरी सांगितलं. तिच्या जागी नवी मॅडम आली होती, ती सगळ्यांचे फोटो काढत होती.

बन्सीधर स्टेजवरून उतरताना बबितापाशी थांबले. "बगा ताई," ते म्हणाले, "तुमी उगं घाबरत व्हता." त्यांच्या नातवाचा नंबर आला नव्हता. त्यांनी पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला तो मनापासून ठेवला.

परतीच्या एसटीत गर्दी होती. बबिताला कशीबशी जागा मिळाली. पिंकी तिच्या मांडीवर बसल्या बसल्या झोपी गेली. कप बबिताच्या हातात होता. शेजारी कडूबाई बसली होती, पलीकडच्या वाडीची, बबिताच्या माहेरच्या नात्यातली.

"कशाचा गं हा?" तिनं विचारलं.

"पोरीचा. पयला नंबर आला," बबिता म्हणाली.

ते म्हणताना तिचा आवाज भरून आला, आणि तो दुःखानं नव्हता. तिनं तो स्वतःच ऐकला. छातीत काहीतरी वर आलं होतं, गोड, मोठं, आणि ते दाबायचं म्हटलं तरी दबत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून कपाकडं बघितलं. तिनं कप जरा वर धरला.

कडूबाईनं कपावरून बोट फिरवलं. "आमच्या नातीला बी यंदा घालायलाव. साडेतीन वर्साची हाय. सून म्हनती घालू. पन ती एका जागी बसतच न्हाई गं. दिवसभर मातीत. आपल्याच नादात बोलत राहती, हसत राहती. तू हिला कसं बसवलंस?"

बबितानं तिच्याकडं बघितलं. तिला पुष्कळ सांगायचं होतं. नका घालू, एवढंच सांगायचं होतं. पण नका घालू म्हटलं तर ठेवा कुठं, हे विचारलं असतं कडूबाईनं. आणि मांडीवर पहिल्या नंबराची पोरगी घेऊन, हातात कप धरून हे सांगणाऱ्या बाईला ती काय म्हणाली असती? आपलं लेकरू पुढं गेलं, आता दुसऱ्याचं मागं ठेवायलीय, असंच म्हणाली असती. कडूबाई तोंडाकडं बघत होती, शिकायला बसल्यासारखी.

"रोज सांजच्याला बसवायचं," बबिता म्हणाली. "पान भरोस्तर उठू द्यायचं न्हाई. रडलं तरी."

"मारावं लागतं का?"

"पयल्या पयल्यांदा."

कडूबाईनं मान हलवली. "आन् मंग?"

"मंग बसत्यात," बबिता म्हणाली.

खडकवाडीचा फाटा आला. तिनं पिंकीला हलवून जागं केलं आणि दोघी उतरल्या.